‘श्यामची आई’ : मीठ, दही आणि क्षमा

‘श्यामची आई’ला नुसतं रडवणारं पुस्तक म्हणणाऱ्यांनी ते घाईत वाचलं असावं, असं आता मला ठामपणे वाटतं. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते लिहायला घेतलं. त्यातल्या प्रकरणांना ‘रात्र’ म्हटलंय, अशा ४२ रात्री. आम्ही पावसाळ्यापासून रात्री जेवणं उरकली की एकेक वाचत आलो, काही दोनदा-तीनदा. ऐकणारा माझा तेरा वर्षांचा भाचा. वडील गेल्यापासून तो आमच्याकडे हर्णैला असतो, आई नोकरीसाठी मुंबईत. गुरुजींचं गाव पालगड आमच्याच दापोली तालुक्यातलं, त्यामुळे आगर, गडगा, पाणंद हे कोकणातले शब्द त्याला समजावून सांगावे लागत नाहीत.

सावकाश वाचलं की दिसतं, गुरुजी क्षमेवर बोलण्याआधी ती ताटात वाढतात. अळणी भाजीची रात्र घ्या. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील ती मुकाट्याने खातात, म्हणून श्यामही बोलत नाही. आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. चूक कोणी दाखवलीच नाही, म्हणून माफीचा प्रश्नच आला नाही. न घातलेलं मीठ इतकं बोलतं! माझ्या मते अख्ख्या पुस्तकातलं सर्वांत नेमकं प्रतीक हेच.

दह्याचं तसं नाही. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई शिपटीने मारते, विहिरीवर पाठवते. तो परत येतो तर तिने त्याच्यासाठी दही राखून ठेवलेलं. सकाळी मार आणि आता दही, म्हणून तो फुरंगटतो. इथे भाचा ताडकन म्हणाला, “मावशी, बरोबरच आहे त्याचं!” मलाही तो बरोबर वाटतो. दही म्हणजे आईने मागितलेली माफी नव्हे. मारामागचं कारण तिला अजून पटतंच. पण तिला मुलगा परत हवा आहे, आणि त्याला घ्यायला ती वाटी पुढे येते. लोकांनी आपल्या मुलाला भित्रा म्हणू नये, हे तिचं दुखणं श्यामला नंतर उमगतं. मोठं होणं म्हणतात ते हेच असावं.

अकाली तोडलेल्या कळ्यांची ‘मुकी फुले’ मला आवडते, पण तिथे अर्थ फार उलगडून सांगितलाय. हा दोष बऱ्याच ठिकाणी आहे. गोष्ट संपली तरी उपदेश चालू राहतो. आम्ही ते परिच्छेद गाळत गेलो, काही बिघडलं नाही.

‘भस्ममय मूर्ती’ मात्र एक ओळ न गाळता वाचली. श्याम घरी पोचतो तेव्हा आई गेलेली असते, उरलेली असते राख. भाच्यालाही परीक्षा होती म्हणून वडिलांचं उशिरा कळवलं होतं, आणि तो राग त्याने आईवर धरलाय. तो काही बोलला नाही. दुसऱ्या रात्री म्हणाला, “पुढचं नको, दह्याचं वाच परत.” राग गेला असं मी म्हणणार नाही. पण आईचा फोन आला की आता तो उठून आत जात नाही.

प्रतीबद्दल : टाइप बारीक, आणि इथल्या दमट हवेत बांधणी श्रावणातच सुटली. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी शिवलेल्या बांधणीची, मोठ्या टाइपाची आवृत्ती शोधावी. आणि पहिल्या रात्रीपासून सुरुवात केलीच पाहिजे असं नाही; दहा-बारा वर्षांच्या मुलाला आधी पोहण्याची रात्र द्या.