बिग शो: सात फुटी माणूस, दर आठवड्याला फुकट

जुन्या रेसलिंगचा अख्खा साठा असलेल्या एका स्ट्रीमिंग सर्व्हिसचं सबस्क्रिप्शन घेतलं होतं, नाव घेत नाही, उगाच वाद नको. घेतलं ते एकाच कामासाठी. बिग शो या अमेरिकन रेसलरचं करिअर पहिल्या मॅचपासून ओळीने बघायचं आणि एकदाचं ठरवायचं की हा माणूस वाया गेला का नाही, कारण मित्रांत यावर इतक्या वेळा भांडण झालंय की आता कोणी ऐकूनच घेत नाही.

आधी सर्व्हिसबद्दल. व्हिडिओ क्वालिटी झकास, नव्वदच्या दशकातलं फुटेजपण स्वच्छ दिसतं. पण सर्च म्हणजे आनंदीआनंद आहे. 'बिग शो' टाकलं की नावात 'शो' असलेलं सगळं समोर येतं, आणि आधीच्या कंपनीत, म्हणजे डब्ल्यूसीडब्ल्यूमध्ये, तो 'द जायंट' होता हे त्या सर्चच्या गावीच नाही, त्यामुळे सुरुवातीची तीनेक वर्षं मला तारखा लावून शोधावी लागली. वर थंबनेलमध्ये बेल्ट हातात घेतलेला फोटो, म्हणजे मॅच सुरू व्हायच्या आत निकाल कळतो. जुन्या मॅचला ठीक आहे म्हणा, तरी राग येतोच.

आता मुद्द्याचं. 29 ऑक्टोबर 1995, डेट्रॉइट, डब्ल्यूसीडब्ल्यूचा हॅलोवीन हॅवॉक हा शो. वय 23, टीव्हीवरची पहिली मॅच आणि समोर थेट हल्क होगन, तीसुद्धा वर्ल्ड टायटलसाठी. त्याच रात्री आधी एका इमारतीच्या गच्चीवर दोघांची मॉन्स्टर ट्रकची टक्कर झाली, मग झटापटीत हा पठ्ठ्या गच्चीवरून खाली पडला, सगळे हळहळले, आणि थोड्या वेळाने साहेब काहीच झालं नाही अशा थाटात रिंगकडे चालत आले. कोणी काही विचारलं नाही, कोणी काही सांगितलं नाही. वर आंद्रे द जायंट या जुन्या राक्षसी रेसलरचा मुलगा म्हणून ओळख करून दिलेली, जे अर्थातच खोटं. मॅच डिसक्वालिफिकेशनवर जिंकला, करारातल्या कलमामुळे बेल्टही मिळाला आणि थोड्याच दिवसांत काढूनही घेतला. एवढा बावळटपणा आजूबाजूला चालू असताना त्या पोराकडे बघा पण. बास्केटबॉल खेळलेला, हलका चालतो, त्या आकाराचा माणूस ड्रॉपकिक मारतो आणि दोन्ही पाय एका रेषेत वर जातात. मी ते चार वेळा मागे घेऊन बघितलं.

आणि इथेच पहिली गोची आहे. जे फक्त त्यालाच जमत होतं तेच त्याला करू दिलं नाही, कारण जायंटने उड्या मारायच्या नसतात असा धंद्याचा जुना नियम. राक्षस कसा हवा, तर जागेवर उभा, समोरचा येऊन आपटणार. 1996 मध्ये रिक फ्लेअरला हरवून बेल्ट परत मिळाला, ऑगस्टमध्ये होगनने तो घेतला, मग सप्टेंबरमध्ये हाच त्या होगनच्या एनडब्ल्यूओ या टोळीत गेला आणि वर्ष संपायच्या आत बाहेरही फेकला गेला. बघताना माझं डोकं गरगरायला लागलं होतं आणि अजून तर डब्ल्यूडब्ल्यूएफ (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) यायचं होतं.

14 फेब्रुवारी 1999. पिंजऱ्यात स्टार रेसलर ऑस्टिन आणि कंपनीचा मालक व्हिन्स मॅकमॅहन, आणि रिंगच्या खालून फळ्या फाडून हा वर येतो. एंट्री म्हणून कडक, अंगावर काटा येतो. आला कशाला, तर व्हिन्सला जिंकवायला. आणि केलं काय, तर ऑस्टिनला जाळीवर असा फेकला की जाळीच उघडली आणि ऑस्टिन बाहेर पडून मॅच जिंकला! पहिल्याच दिवशी मालकाचं काम बिघडवलं. सहा आठवड्यांनी रेसलमेनियाला त्याने व्हिन्सलाच ठोसा घातला, म्हणजे हील (खलनायक) म्हणून आलेला माणूस दीड महिन्यात फेस (नायक). तिथून पुढे इतक्या कोलांट्या उड्या की मी कागदावर मोजायला बसलो होतो, 2005 च्या आसपास नाद सोडला.

आंद्रेशी तुलना सगळे करतात पण एक गोष्ट विसरतात. आंद्रे गावोगाव फिरायचा. एका टेरिटरीत, म्हणजे एका भागातल्या कंपनीत, थोडे दिवस, मग दुसरीकडे, म्हणजे लोकांना तो क्वचित दिसायचा आणि दिसला की जत्रा भरायची. म्हणून तर 1987 मध्ये होगनने त्याला उचलून आपटला ते लोक अजून सांगतात. बिग शो मात्र दर आठवड्याला टीव्हीवर, वर्षाचे बावन्न आठवडे, घरबसल्या फुकट. अतिपरिचयात अवज्ञा म्हणतात ती हीच. एकदा उचलून आपटला तर तो प्रसंग असतो, वीस वेळा आपटला की कसरत होते. हे मला आधी नुसतं वाटायचं, एकामागोमाग एक एपिसोड लावल्यावर डोळ्यांनी दिसलं, त्यामुळे सबस्क्रिप्शनचे पैसे त्या अर्थाने वसूल.

कंपनीसाठी तो गाजराची पुंगी होता, वाजली तर वाजली नाहीतर मोडून खाल्ली. नोव्हेंबर 1999 घ्या. वडिलांच्या अंत्यसंस्काराची स्टोरीलाइन, बिग बॉस मॅन शवपेटी गाडीला बांधून पळवतोय आणि हा सात फुटी माणूस त्या पेटीवर पालथा पडून घसरत चाललाय. हसावं का रडावं कळत नाही. त्याच महिन्यात परत डेट्रॉइटलाच, जखमी ऑस्टिनच्या जागी घुसून डब्ल्यूडब्ल्यूएफ चॅम्पियन, आणि 3 जानेवारी 2000 ला बेल्ट ट्रिपल एचकडे. त्याच वर्षी पुढे वजन आणि फिटनेस सुधारायला ओव्हीडब्ल्यू या ट्रेनिंगच्या छोट्या कंपनीत रवानगी. यात त्याचा स्वतःचा दोष नाही असं मी म्हणणार नाही, वजन वाढलेलं उघड दिसतं, धाप लागलेली ऐकू येते. लहानपणापासून ॲक्रोमेगली, पिट्युटरीचं ऑपरेशन झालेलं, ते सगळं मान्य. तरी काही मॅचमध्ये तो नुसता हजेरी लावून गेलाय.

पण मग 2002-03 येतं आणि माझं मत डळमळतं. सर्व्हायव्हर सीरिज या शोमध्ये लेसनरचा मॅनेजर हेमनने त्याला दगा दिला आणि ब्रॉक लेसनरला पहिल्यांदा पिन करणारा बिग शो. जून 2003 च्या स्मॅकडाउनमधला तो सुपरप्लेक्स तर सगळ्यांना पाठ आहे, दोघं वरच्या दोरावरून खाली आणि अख्खी रिंग बसली. बघायचं असेल तर आदळल्यानंतरचा क्षण बघा, दोर ढिले पडून लोंबतायत, प्रेक्षक आधी गप्प आणि मग वेडे होतात. नंतर हाच प्रकार 2011 ला मार्क हेन्रीबरोबर आणि 2017 ला स्ट्रोमनबरोबर केला, तिन्ही वेळा हाच हजर. रिंग मोडायला भरवशाचा माणूस लागतो हो, समोरच्याला जपून पडावं लागतं, त्याचं क्रेडिट त्याला कोणी देत नाही.

2008 मध्ये मेवेदरबरोबरची मॅचपण माझ्या मते त्याचीच कमाई. समोरचा जगातला भारी बॉक्सर असला तरी रेसलर नाही, आकाराने निम्मा, आणि तरीही ती मॅच खरी वाटते कारण बिग शो कुठे थांबायचं ते जाणतो. उलट डिसेंबर 2011 घ्या, कितीतरी वर्षांनी वर्ल्ड टायटल मिळालं आणि 45 सेकंदात डॅनियल ब्रायनने कॅश इन करून, म्हणजे हवं तेव्हा टायटल मॅच मागायचा हक्क वापरून, नेलं. ब्रायनसाठी झक्कास, पण याच्या तोंडाकडे बघवत नाही.

तर वाया गेला का? चार वेगवेगळे वर्ल्ड बेल्ट घेतलेल्या, 2021 ला एईडब्ल्यू या दुसऱ्या कंपनीत जाईपर्यंत डब्ल्यूडब्ल्यूईत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला वाया गेला म्हणणं मूर्खपणा आहे. माणसाचं करिअर 5 पैकी 4. जायंट म्हणून जे व्हायला हवं होतं त्याला मात्र 2, आणि तो दोन मार्कांचा फरक बुकिंग करणाऱ्यांच्या, म्हणजे कोण जिंकणार ते ठरवणाऱ्यांच्या, खात्यात. सर्व्हिसला 3, सर्च नीट केला तर साडेतीन देईन.

सबस्क्रिप्शन परवा संपतंय, रिन्यू करणार नाही. त्याआधी ऑक्टोबर 2012 ची शेमसबरोबरची हेल इन अ सेल (बंद पिंजऱ्यातली मॅच) परत एकदा बघणार, तारीख लिहून ठेवलीय, सर्चवर भरवसा नाही.