वसई गावात भाड्याने राहून: एक पावसाळा आणि एक नाताळ काढल्यानंतरचा अनुभव

"वसईला घर बघतोय, लोकलचं कसं आहे?" असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, कुठली वसई? वसई रोड स्टेशनला लागून असलेलं नवघर-माणिकपूर वेगळं. पारनाका, झेंडा बाजार, पापडी आणि किल्ला ही जुनी वसई वेगळी. मध्ये पाचेक किलोमीटर. आम्ही गावात राहतो आणि माझी नोकरी दादरला. इतक्या महिन्यांनंतर सांगतो, दादर लांब वाटत नाही, स्टेशन वाटतं.

फास्ट लोकलने दादर तासाभराचं, त्यात फारसा फरक पडत नाही. पण सकाळी आपल्या नाक्यावरून माणिकपूरपर्यंत किती वेळ लागेल, हे रिक्षावालाही सांगत नाही. शेअर रिक्षात चौथा माणूस आल्याशिवाय हँडल हलत नाही. बस स्वस्त आहे, पण तिच्या भरवशावर ८ची गाडी धरू नका.

लोकलमध्ये सकाळी विरार आणि नालासोपाऱ्याची माणसं आधीच दारापर्यंत असतात. जुने वसईकर म्हणून विरारपर्यंतचा पास काढतात, उलट्या दिशेने विरारला जातात आणि तिथून बसून येतात. वेळ जास्त जातो, पण गुडघे वाचतात. मी वसईहून सुटणारी गाडी धरतो. ती चुकली तर एसी, तेही महिनाअखेर नसेल तर. संध्याकाळी दादरला विरार फास्टमध्ये चढायला वसईकराने घाबरू नये, दारातली खरी भांडणं बोरिवलीला उतरणाऱ्यांशी होतात.

एकदा कामासाठी पहाटेच्या गाडीने गेलो. लगेजच्या डब्यापाशी मोगऱ्याच्या, तगरीच्या ओल्या टोपल्या आणि केळीच्या पानांचे भारे. वाडीतल्या बायका दादरच्या फुलबाजाराला निघालेल्या. मुंबईला रोज जाण्याचं हे काम आमच्यासारख्या आयटीवाल्यांच्या कितीतरी पिढ्या आधीपासून चालू आहे.

आता पाणी, कारण सगळ्यात जास्त मनस्ताप त्याचाच झाला. सोसायटीत नळाचं पाणी येतं, पुरत नाही, मग टँकर. तो कधी येणार यावर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज रणकंदन. शेजारच्या वाडीत मात्र अजून एक बावखल शिल्लक आहे. बावखल म्हणजे वाडी शिंपायला खणलेलं गोड्या पाण्याचं लहान तळं, पूर्वी त्यावर रहाट चालायचे. शेजारच्या आजी कादोडी या इथल्या बोलीच्या वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "बाळा, ही बुजवली ना, म्हणून विहिरीचं पाणी खारट झालं." समुद्र इतक्या जवळ असताना पावसाचं पाणी जिरायची जागाच भराव टाकून बंद केली, तर दुसरं काय होणार? आमची इमारतसुद्धा अशाच एखाद्या भरावावर उभी असेल, असा मला दाट संशय आहे.

तेच पाणी जुलैत जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर आलं. २०१८ च्या जुलैत रुळांवर पाणी चढून वसई-विरारची लोकल बंद पडली होती, त्याच्या गोष्टी इथे अजून सांगतात. आमच्या वेळी तेवढं झालं नाही, पण ऑफिसला दोनदा नुसता मेसेज टाकला आणि घरीच बसलो.

हे सगळं असूनही बायको इथून हलायला तयार नाही, त्याला कारण किल्ला. १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेलेली वसई १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी घेतली, हे शाळेत पाठ केलेलं. पण छप्पर उडालेल्या चर्चमध्ये जमिनीतल्या थडग्यांच्या दगडांवर पोर्तुगीज अक्षरं बोटाने चाचपता येतात, हे कुणी सांगितलं नव्हतं. रविवारी जाऊ नका, प्री-वेडिंगवाले प्रत्येक कमानीखाली धूर सोडत असतात. आठवड्यात सकाळी जा. तसंच पुढे पाचूबंदरला मासळीही मिळते.

नाताळात गावांतले येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे बघत आम्ही पायीच फिरलो. फुगे (पिठाचे तळलेले गोळे) आणि इंदेल (मांसाचा आंबट-तिखट रस्सा) शेजारून आलं, सुकेळी आम्ही विकत घेतली. राजेळी केळी सुकवून पानात बांधलेली, भाव ऐकून हात आखडतो, पण घ्याच.

गाडी असणाऱ्यांसाठी: भाईंदर खाडीपलीकडे दिसतं, पण रस्त्याने हायवेचा वळसा पडतो. २०२४ पासून रो-रो बोट आहे, गाडीसकट पलीकडे जाता येतं. ठाणे-पनवेलकडे नोकरी असेल तर वसई-दिवा मार्ग आहे, फक्त गाड्या मोजक्या, वेळापत्रक घोकून ठेवा.

आमचा करार संपतोय. या वेळी घर माणिकपूर आणि पापडीच्या मधे शोधतोय, म्हणजे स्टेशनला गरज पडली तर चालत जाता येईल आणि बायकोचा किल्लाही फार लांब पडणार नाही. तुम्ही बघायला येणार असाल तर एजंटला जुलैतली संध्याकाळ द्या, आणि त्याच्या बाईकवर न बसता स्टेशनवरून शेअर रिक्षाने या.