बटाट्याआधी ताग: बियाणे पिशवीतलेच घ्या

खानदेशात बटाटा ऑक्टोबर-नोव्हेंबरात लागतो, म्हणजे खरिपात रान तागाला देता येते. तण दाबायला याच्याइतका चांगला बेवड (आधी घ्यायचे पीक) नाही. जूनच्या ओलीवर एकरी २० ते २५ किलो बी दाट पेरले की महिनाभरात जमीन झाकते. घोळ, माठ, गाजरगवत सावलीत खुरटते.

बियाणे मात्र पारखून घ्या. बाजारातला सुटा ताग स्वस्त पडतो, पण त्यात तणाचे बी मिसळलेले असू शकते. मग पेरून उपयोग काय? पिशवीवरची शुद्धता, उगवणशक्ती आणि चाचणीची तारीख वाचा. शिवाय ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवा. ८०पेक्षा कमी उगवले, तर ती पिशवी परत करा.

हिरवळीचे खत म्हणून ताग जमिनीत गाडायची वेळ ४५ ते ५० दिवसांची, फुले लागताना. उशीर केला तर खोडात वाख (चिवट धागा) धरतो, ते खोड लवकर कुजत नाही आणि बटाट्याच्या सऱ्या पाडताना अवजारात गुंतते. गाडताना रानात ओल हवीच. काळ्या जमिनीत पाणी साचले तर ताग पिवळा पडून विरळतो, आणि त्या मोकळ्या जागेत तण माजते.

लव्हाळ्याच्या तणावर एकटा ताग पुरत नाही. गाठी खाली जिवंत राहतात. उन्हाळी नांगरट करून त्या वेचाव्याच लागतात.

आणि भरताची वांगी निघालेल्या रानात लगेच बटाटा नको. दोन्ही एकाच कुळातली, मर रोगही सामायिक. मध्ये ज्वारी किंवा मका घ्या.