ट्रेकिंग पोल आठ महिने वापरले, त्याबद्दल थोडं

काठी घेऊन डोंगर चढणं म्हणजे म्हाताऱ्यांचं काम असं मीच सगळ्यांना सांगत फिरायचो, त्यामुळे आधी माफी. डावा गुडघा कुरकुर करायला लागला म्हणून नाईलाजाने जोडी घेतली, तीन तुकड्यांची ॲल्युमिनियमची, क्लिप दाबून लॉक होणारी, कॉर्कची मूठ. आठ महिन्यांत अन्नपूर्णा बेस कॅम्प आणि आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वताची प्रदक्षिणा असे दोन मोठे ट्रेक झाले, मधे छोटेमोठे बरेच.

चढताना फरक पडतो पण फार नाही, खरं सांगायचं तर दम लागायचा तेवढा लागतोच. खरी कमाल उतारावर. बेस कॅम्प ४१३० मीटरवर, तिथून परतताना आम्ही एका दिवसात थेट बांबू नावाच्या वस्तीपर्यंत आलो, म्हणजे साधारण १८०० मीटर खाली, आणि त्यात दगडी पायऱ्या संपता संपत नाहीत. प्रत्येक पायरीला आधी दोन्ही काठ्या खाली टेकवायच्या, भार हातावर घ्यायचा, मग पाय. संध्याकाळी दंड आणि खांदे भरून आले होते पण गुडघा गप्प! माझ्यासाठी पैसे तिथेच वसूल.

मुठीला असलेल्या पट्ट्याचं मात्र मला दोन दिवस कळलंच नव्हतं. हात वरून घालून मूठ आवळून धरत होतो, तळव्याला फोड आला. हात खालून वर घालायचा आणि पट्ट्यासकट मूठ धरायची, मग भार मनगटावर येतो आणि बोटं सैल सोडली तरी चालतं. पण घसाऱ्यावर किंवा बाजूला दरी असेल तिथे हात पट्ट्यातून बाहेर काढा, काठी दगडात अडकली की ती तुम्हाला सोबत खेचते. लांबी कोपर काटकोनात येईल एवढी, खड्या चढाला पाचेक सेंटिमीटर कमी, उताराला तेवढीच जास्त.

आता तक्रार. ग्रां कोल फेरे ही माँ ब्लाँच्या वाटेवरची २५३७ मीटरवरची खिंड, इटलीतून स्वित्झर्लंडमध्ये उतरतो तिथली. पाऊस होता, चिखल होता, आणि मी पूर्ण भार टाकला तशी डावी काठी सर्रकन आत गेली आणि मी बुडावर. चूक अर्धी माझीच, कारण लॉकचा बारीक स्क्रू वापराने सैल होतो आणि तो मी एकदाही बघितला नव्हता. पाव आटा आवळला आणि पुढे काही झालं नाही. आता रोज सकाळी काठीवर जोर देऊन बघतो, सरकली तर तिथेच आवळायची. पण हे सोबतच्या कागदावर कुठेच नव्हतं हो, एक ओळ छापायला काय जात होतं?

दुसरी गोष्ट, बंद केल्यावरही ती पासष्टेक सेंटिमीटर उरते. प्रदक्षिणेच्या शेवटच्या टप्प्यात कड्याला लोखंडी शिड्या ठोकल्यात, तिथे दोन्ही हात मोकळे लागतात म्हणून काठ्या सॅकला बांधल्या तर वर निघालेली टोकं प्रत्येक शिडीला खडखड आपटत होती. दुमडून आखूड होणाऱ्या घडीच्या काठ्या यासाठी बऱ्या. कार्बनची मोहात पाडते पण माझी एक दगडांच्या फटीत अडकून चांगलीच वाकली होती, हळूच सरळ केली आणि अजून चालतेय. कार्बन तिथे मोडलीच असती.

ट्रेकहून आल्यावर तिन्ही तुकडे वेगळे करून पुसून वाळवा, ओल्या बंद करून ठेवल्या तर आतून जाम होतात (एकदा केलंय, दोघांनी दोन बाजूंनी ओढून काढली). रबरी टोपणं फेकू नका, पेरूतल्या इन्का ट्रेलला उघडं धातूचं टोक चालत नाही.

सध्या उजव्या काठीचं टोक झिजून बोथट झालंय आणि डावीचं जवळजवळ नवंच दिसतं, म्हणजे गुडघ्याला जपायला मी सगळा भार उजवीकडेच टाकत होतो. नवीन टोक मागवलंय, एकच.