डिस्चार्जनंतरही फोन करणारं केंद्र

दादाला विचारूनच लिहितेय. त्याची दारू जिथे सुटली त्या व्यसनमुक्ती केंद्राचं नाव टाकत नाहीये कारण त्यावरून त्याची ओळख लागू शकते, पण तिथे काय काय मिळालं ते सगळं सांगते, म्हणजे तुमच्या घरातल्या माणसासाठी कुठलंही केंद्र बघत असाल तर आत गेल्यावर नेमकं काय विचारायचं ते कळेल. मी शोधत होते तेव्हा सगळीकडे तेच तेच लिहिलेलं, खोल्या स्वच्छ आहेत, स्टाफ प्रेमळ आहे, बाग छान आहे. अहो पण रात्री दोनला पेशंटला फिट आली तर तिथे कोण असतं, हे कुणीच लिहीत नाही.

हे आमचं दुसरं केंद्र. पहिल्याचं थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय दुसऱ्याची किंमत कळणार नाही. पहिल्या ठिकाणाहून गाडी आली, दोन माणसं आली आणि दादाला झोपेतून उठवून घेऊन गेली. सही आम्हीच केली होती, आईने आणि मी, अजून आठवलं की पोटात कालवतं. तिथे डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. दारू एका दिवसात बंद, वर औषध काही नाही. तिसऱ्या दिवशी दादाला भिंतीवर किडे दिसायला लागले, आपण कुठे आहोत तेही कळेना, घामाने कपडे भिजलेले, हात थरथरतायत, आणि तिथले म्हणाले नाटक करतोय. हे सगळं त्याच्या शेजारच्या बेडवाल्याने नंतर सांगितलं, दादाला स्वतःला त्यातलं फार आठवतही नाही. त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात हे आम्हाला खूप उशिरा कळलं, शेवटच्या पेगनंतर साधारण ४८ ते ९६ तासांत होतं आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस जाऊ शकतो. महिन्याभराने तो घरी आला, नवव्या दिवशी परत प्यायला. फोन केला तर म्हणाले परत आणून सोडा. बस, एवढंच.

आता दुसरं केंद्र. आम्ही चौकशीला गेलो तेव्हा दादा यायलाच तयार नव्हता, मला वाटलं आता हेही गाडी पाठवतो म्हणणार. पण तिथल्या काउन्सेलर ताई म्हणाल्या तुम्ही या, तो नाही आला तरी चालेल. तीन आठवडे फक्त मी आणि वहिनी जात होतो. प्यायलेला असताना काही बोलायचं नाही, सकाळी शुद्धीत असेल तेव्हा दोन वाक्यं बोलायची, जी धमकी पाळणार नाही ती द्यायची नाही, आणि ज्या संध्याकाळी तो प्यायलेला नसेल त्या संध्याकाळी कालचं उकरून न काढता त्याच्याजवळ बसायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं, कारण आमच्या घरात प्यायला तर भांडण आणि नाही प्यायला तरी टोमणे असंच चाललेलं होतं. चौथ्या आठवड्यात दादा आपणहून म्हणाला, एकदा भेटून येतो.

बेड मिळायला ११ दिवस थांबावं लागलं. आम्ही म्हणालो तोपर्यंत घरीच बंद करतो, तर डॉक्टरांनी स्पष्ट नाही सांगितलं. रोज भरपूर पिणाऱ्याने घरी एकदम थांबवणं धोक्याचं असतं, फिट येऊ शकते. हे ऐकून मला पहिल्या केंद्राचा जो राग आला तो आजही गेलेला नाही.

अॅडमिशनच्या दिवशी काय काय विचारलं ते सांगते, हे खरंच लक्षात ठेवा. शेवटचं कधी घेतलं, तास सांगा. रोजची किती. आधी कधी फिट आली होती का, भास झाले होते का. झोपेच्या किंवा दुखण्याच्या गोळ्या चालू आहेत का. मग लिव्हरच्या टेस्ट. आणि सुरुवातीलाच बी-१ व्हिटॅमिनचं इंजेक्शन, कारण वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात ते उरलेलंच नसतं आणि ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊन स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. दारू बंद केल्यावरचा त्रास आणि फिट टाळायला गोळ्या देतात, त्यातली लिव्हर बिघडलेलं होतं म्हणून लोराझेपाम निवडली. नर्स दर काही तासांनी यायच्या, हात पुढे करायला लावायच्या, थरथर, घाम, मळमळ, घाबरेपणा अशा एकेका गोष्टीला मार्क देऊन बेरीज करायच्या आणि त्यावर पुढचा डोस ठरायचा, रात्री पण. आठवड्याभरात त्या गोळ्या हळूहळू कमी करून बंदही केल्या. भास झालेच नाहीत. दादा म्हणाला, मला वाटलं होतं परत ते किडे येणार.

मी वहिनीला एक गोष्ट कबूल केली होती, मग तिथल्या डॉक्टरांना पण सांगितली. मधल्या काळात कुणीतरी मला दारू सोडवायची डायसल्फिरामची गोळी त्याच्या जेवणात गुपचूप मिसळायला सुचवलं होतं आणि मी जवळजवळ आणणार होते. डॉक्टर माझ्यावर ओरडले नाहीत, शांतपणे समजावलं की ती गोळी अंगात असताना माणूस प्यायला तर चेहरा लाल होतो, छातीत धडधडतं, उलट्या होतात, बीपी उतरतं, कधी कधी जीवावर बेततं, आणि गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ज्याला घ्यायची आहे त्याला सगळं माहीत असल्याशिवाय ती द्यायचीच नाही. दादापुढे सगळे पर्याय ठेवले आणि त्याने नालट्रेक्सोन घेतलं, त्याने पिण्यातली मजा कमी होते आणि तलफही. कुणी कुणी अकॅम्प्रोसेट या दारू टाळायला मदत करणाऱ्या दुसऱ्या औषधावर पण होते.

दादाच्या खोलीत हेरॉइनमधून बाहेर पडणारा एक मुलगा होता. त्याला ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे हेरॉइनची तलफ आणि त्रास आवरणारं औषध, चालू केलं तर त्याचे वडील चिडले, एक नशा काढून दुसरी लावताय म्हणून. डॉक्टर त्यांच्याजवळ अर्धा तास बसले. शरीराची सवय मोडली की सहनशक्ती उतरते, मग बाहेर जाऊन पोरगं जुनाच डोस घेतं आणि श्वास थांबतो, सुटून आल्यानंतरचे पहिले आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात, आणि हे औषध चालू असलं की मृत्यू कमी होतात. ब्युप्रेनॉर्फिन आणि त्याच कामाचं मेथाडोन २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत हेही सांगितलं. घरी सोडताना नालोक्झोन, म्हणजे डोस जास्त होऊन श्वास थांबायला लागला तर द्यायचं औषध, दिलं आणि कसं वापरायचं ते वडिलांकडून दोनदा करून घेतलं. ते काका जाताना रडत होते. अशा केसमध्ये डिटॉक्स, म्हणजे नुसती अंगातली नशा उतरवणं, एवढंच करून रिकाम्या हाताने घरी पाठवणारं केंद्र असेल तर तिथे पाऊल ठेवू नका.

काउन्सेलिंग म्हणजे मला वाटलं होतं प्रवचन असेल. तसं काही नव्हतं, पगाराचा दिवस, संध्याकाळी सातची वेळ, घरात एकटं असणं असं दादाने स्वतःच लिहून काढलं आणि प्रत्येकापुढे त्या वेळी नक्की काय करायचं ते. तलफ लाटेसारखी येते, वीसेक मिनिटं काढली की बरीचशी ओसरते, हे त्याने तिथेच करून बघितलं. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या ग्रुपची माणसं आठवड्यातून एकदा यायची, १९३५ मध्ये एक शेअरबाजारातला माणूस आणि एक सर्जन अशा दोन पिणाऱ्यांनी सुरू केलेलं ते काम. दादाला त्यातलं देवाचं बोलणं पटलं नाही, तर जबरदस्ती केली नाही, दुसऱ्या ग्रुपमध्ये बसवलं. वहिनीला मात्र घरच्यांसाठीच्या अल-अॅनॉनने सावरलं, अक्षरशः सावरलं, पहिल्या दिवशी ती तासभर नुसती ऐकत बसली आणि घरी येऊन म्हणाली, माझ्यासारख्या इतक्या जणी आहेत गं.

मग डिस्चार्ज, आणि इथे खरा फरक. घरी येण्याआधीच पुढच्या तीन महिन्यांच्या तारखा हातात होत्या. पहिला महिना आठवड्यातून दोनदा फोन, नंतर दर मंगळवारी. औषध घेतलं का एवढ्यावर फोन ठेवायच्या नाहीत ताई, झोप कशी आहे, कुणाशी भांडलास का, सगळं.

चौथ्या महिन्यात दादा प्यायला. एक रात्र. आम्हाला सांगायच्या आधी त्याने सकाळी केंद्रात फोन केला, ही गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. ते म्हणाले आजच ये. ओरडा नाही, पुन्हा महिनाभर भरती नाही. आधीचे पंधरा दिवस त्याच्याबरोबर बसून उलगडले, तर कळलं की गोळी त्याने स्वतःच बंद केलेली, झोप मोडलेली, ग्रुपला जाणं थांबलेलं, म्हणजे घसरण ग्लास हातात यायच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. आम्हाला सांगितलं की व्यसनात पुन्हा वळण्याचं प्रमाण साधारण ४० ते ६० टक्के असतं, दमा किंवा बीपीवाल्यांचा आजार परत उसळतो त्याच्या आसपासच, आणि बीपी वाढलं म्हणून पेशंटला कुणी हाकलून देत नाही. गोळी परत चालू केली, दोन आठवडे रोज बोलावलं. त्यानंतर आज दहा महिने झालेत.

खटकलेल्या गोष्टी पण सांगते. एक तर तंबाखू. तिथे जवळजवळ सगळेच सिगरेट ओढत होते आणि त्यावर केंद्र काहीच करत नव्हतं, दादा आधी दिवसाला चार ओढायचा, येताना एक पाकीट झालं. दारू सुटतेय तर ओढू दे असं बहुतेक त्यांना वाटत असावं, मला नाही पटलं, मदत तिथेच मिळायला हवी होती. दुसरं म्हणजे घरच्यांच्या मीटिंग्ज फक्त कामाच्या दिवशी सकाळी, वहिनीच्या वर्षभराच्या सुट्ट्या त्यातच गेल्या, आणि ज्यांना सुट्टी मिळत नाही त्यांनी काय करायचं? आणि ते ११ दिवस. बेड कमी आहेत हे समजतं, पण त्या काळात रोज एक फोन तरी यायला हवा होता, आम्ही अक्षरशः जीव मुठीत धरून काढले.

पाचपैकी चार देतेय. मीटिंगच्या वेळांचं वहिनीने त्यांना लिहून दिलंय, पुढच्या महिन्यापासून शनिवारी संध्याकाळची एक सुरू करतोय असं कळवलंय त्यांनी. झाली की इथेच येऊन लिहीन.