नवाहो म्हणून विकलेला ‘नवाहो स्टाईल’ रग: नक्षी नाही, काठ बघा

पावतीवर लिहिलं होतं, ‘साउथवेस्ट स्टाईल वूल रग, 4 बाय 6, फायनल सेल’. दुकानदाराने तोंडी सांगितलं होतं ते वेगळंच. हा अस्सल नवाहो रग, गॅनाडो नमुन्याचा, एका आजीबाईंनी सहा महिने बसून विणलेला, रंग सगळे झाडपाल्याचे. टॅगवर किंमत 4,800 डॉलर, सेलमध्ये 1,450. दुकान ग्रँड कॅनियनकडे जाणाऱ्या हायवेवरचं आणि घेणारं जोडपं पुण्याहून फिनिक्सला लेकीकडे आलेलं. घरी येऊन जाणत्या माणसाने रगाचा काठ उलगडून पाहिला तेव्हा दोन मिनिटांत उलगडा झाला: हा रग नवाहो मागावर कधी चढलाच नव्हता. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या पर्यटकी रस्त्यांवर हा प्रकार याच क्रमाने चालतो, म्हणून तो जरा सुटा करून सांगत आहोत.

नवाहो ही अमेरिकेतली एक मूळ रहिवासी जमात. स्वतःला दिने म्हणवणारे हे लोक ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलेल्या नवाहो नेशन या त्यांच्या स्वशासित प्रदेशात राहतात. तिथल्या विणकर, बहुतांशी बायका, वर्षानुवर्षं जे नमुने विणत आल्या त्यांची हुबेहूब नक्कल बाहेर होते. सर्वांत जास्त माल मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यातून, तेओतित्लान देल वाये या गावाच्या परिसरातून येतो. तिथले सापोटेक विणकर स्वतः उत्तम कारागीर आहेत आणि त्यांचा रग त्यांच्या नावाने, त्याच्या किमतीला घेतला तर तो चांगलाच सौदा. आपल्या भदोही-मिर्झापूर पट्ट्यातूनही या नमुन्यांचा माल निर्यात होतो. यांतल्या कुठल्याच विणकराचा दोष नाही. खोटं बोलतो तो टॅग, आणि टॅग लावणारा.

नक्षी बघून ओळखायला जाल तर हमखास फसाल, कारण नक्षी कुणीही उचलू शकतो. मागाची रचना उचलणं मात्र परवडत नाही.

नवाहो माग उभा असतो. ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, एकच सलग धागा तात्पुरत्या चौकटीवर वरखाली, आठच्या आकड्यात गुंडाळतात. दोन्ही टोकांना पीळदार लोकरी दोरा गुंफून धागे ठरावीक अंतरावर पक्के करतात आणि मग ताणा मागावर चढतो. म्हणजे ताण्याचा धागा वरच्या किंवा खालच्या टोकाला कुठेही कापलेला नसतो, तो वळसा घेऊन परत फिरतो. विणकाम खालून सुरू होऊन थेट वरच्या दोऱ्यापर्यंत जातं. म्हणून रगाला चारही बाजूंनी बंद काठ येतात, दशा राहत नाहीत, आणि कोपऱ्यांवर काठाच्या दोऱ्यांचे शेंडे छोट्या गोंड्यांसारखे सुटलेले दिसतात. वरचा शेवटचा तुकडा विणणं सर्वांत कठीण. जागा इतकी अरुंद होते की फणी चालत नाही. बारीक काड्या, छत्रीची तार, शेवटी दाभण वापरून धागा आत ढकलावा लागतो. त्यामुळे एका टोकाची वीण किंचित कमीजास्त दिसली तर तो दोष समजू नका.

नकला विणल्या जातात पायाने चालवायच्या आडव्या मागावर. या पायमागावर ताणा लांबलचक असतो. एकामागून एक रग विणायचे आणि कापत जायचं, म्हणून दोन्ही टोकांना दशा उरतात. दशा दिसल्या की गिऱ्हाईक बिचकतं, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं. मग त्या दशा दाभणाने मागे वळवून विणीत खुपसतात. या रगात तेच केलेलं होतं. टोकाकडची इंच-दीड इंचाची पट्टी बोटांना बाकीच्या रगापेक्षा जाड आणि ताठ लागत होती, आणि काठ नखाने उघडल्यावर कापलेले सुती शेंडे दिसले. बाजूच्या काठांवरही खूण होती. पायमागावर कड मजबूत राहावी म्हणून शेवटचे दोन-तीन ताणाधागे जोडीने घेतात, त्यामुळे कडेला एक जाडसर फासळी लागते. नवाहो रगात ताणाधागे कडेपर्यंत एकेकटे जातात आणि बहुतेक वेळा त्यांच्या बाहेरून दोन दोरे एकमेकांना पीळ घालत वर चढलेले असतात.

तिसरी खूण पार्श्वभूमीच्या एकरंगी भागात सापडते. नवाहो विणकर आडवा धागा दर वेळी पूर्ण रुंदीभर नेत नाही; मागापुढे बसून हाताच्या टप्प्यातला भाग आधी विणते, मग सरकून शेजारचा. दोन भाग जिथे भेटतात तिथे विणीत तिरकी, पुसट रेघ उमटते. रग उजेडासमोर कलता धरला की ती दिसते. नक्कल केलेल्या मालात ती क्वचितच असते. रेघ नाही म्हणून रग खोटा ठरत नाही, पण रेघ आहे आणि काठही बंद आहेत, तर पारडं चांगलंच जड होतं.

अपवादही माहीत असावेत, नाहीतर अस्सल वस्तू हातची जाते. ‘गॅलप थ्रो’ नावाचे छोटे, स्वस्त नवाहो रग सुती ताण्यावर विणलेले असतात आणि त्यांच्या एका टोकाला दशा असतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काळातल्या ‘जर्मनटाउन’ या गिरणीत कातलेल्या रंगीत लोकरी धाग्याच्या रगांतही सुती ताणा आणि मागाहून जोडलेल्या झालरी सापडतात. आणि गिरणीची लोकर दिसली म्हणून नाक मुरडू नका. आजच्या कितीतरी नामवंत विणकर तीच वापरतात.

पैठणी घेताना पदर उलटा करून बघायची सवय आपल्याला असते, ती इथे अर्धवटच कामाला येते. नवाहो रग दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, पण ओआहाकाचाही तसाच दिसतो. उलट बाजू बघून छापील किंवा यंत्रावरचा माल बाद करता येतो, एवढंच.

आता रंग. ‘गॅनाडो, आणि रंग शंभर टक्के झाडपाल्याचे’ हे वाक्य ऐकताच सावध व्हायला हवं होतं. गॅनाडोचा तो गडद लाल रासायनिक रंगाचा असतो आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. ॲरिझोनातल्या गॅनाडो गावी जॉन लॉरेन्झो हबेल या व्यापाऱ्याची ट्रेडिंग पोस्ट, म्हणजे नवाहोंशी देवघेवीची पेढी होती, तिच्याभोवती ही शैली वाढली तीच कारखान्यातले रंग रेल्वेने येऊ लागल्यावर. वनस्पतीरंगांसाठी वाइड रुइन्स आणि बर्न्टवॉटर या शैली ओळखल्या जातात. तिथले पिवळे, गुलाबी, हिरवे सौम्य असतात. टू ग्रे हिल्स शैलीत बहुतेक रंग मेंढीच्या लोकरीचेच असतात, पांढरा, तपकिरी, करडा. काळा मात्र बऱ्याचदा रंगवून गडद करतात. शैली आणि रंगाची कहाणी जुळत नसेल, तर विकणाऱ्याला काहीच माहीत नाही किंवा फार माहीत आहे.

दुकानात परवानगी घेऊन दोन तपासण्या करता येतात. पांढरा ओलसर रुमाल लाल भागावर दहा-पंधरा सेकंद दाबा. रंग उतरला तर पुढे धुताना तो पांढऱ्या भागात पसरेल, मग रग कुणाचाही असो. दुसरं, काठातून निघालेला सुटा तंतू मिळाला तर बाहेर नेऊन जाळून बघा. लोकर केस जळल्यासारखी घाणते आणि राख चुरडली जाते, सूत कागदासारखं पेटतं, ॲक्रिलिक वितळून कडक गोळी होते. ताण्याचा आणि बाण्याचा (आडव्या धाग्याचा) तंतू वेगवेगळा जाळा, कारण वरून लोकर आणि आतून सूत ही जोडी सर्रास असते.

विणीचा बारीकपणा मोजायला फूटपट्टी पुरते. ताण्याच्या एका उभ्या ओळीवर एका इंचात आडव्या धाग्याचे किती टिपके दिसतात ते मोजा आणि दुप्पट करा, कारण एकाआड एक धागा मागे गेलेला असतो. 20-30 आले तर रग जाडाभरडा, 40-50 म्हणजे चांगला, 80 आणि त्यावर गेला की त्याला टॅपेस्ट्री म्हणतात. डेझी टॉगेलची यांच्या टू ग्रे हिल्स टॅपेस्ट्री शंभरीपलीकडे जातात; 2004 मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांच्या विणकामाचं तिकीट काढलं. असं काम हाताखालून एकदा गेलं की बाजारातला बराचसा माल आपोआप डोळ्यांना खटकू लागतो.

किमतीचा हिशेबही तिथल्या तिथे करावा. 4 बाय 6 फुटांच्या रगाला 300 तास धरा. 1,450 डॉलरमधून दुकानाचा निम्मा वाटा गेला, लोकर-रंगाचे सव्वाशे गेले, उरले 600. तासाला दोन डॉलर. विणकरांना मोल कमी मिळतं हे दुर्दैवाने खरं आहे, पण 70 टक्के सूट देऊनही दुकान सुखात चालतं तेव्हा मूळ खरेदी काही शे डॉलरचीच असणार.

विकणाऱ्याचं खरं भांडवल म्हणजे गोष्ट. रगाच्या कोपऱ्याजवळून आतल्या नक्षीपासून बाहेरच्या काठापर्यंत गेलेली एक बारीक, वेगळ्या रंगाची रेघ दाखवतात आणि ‘विणकरीचा आत्मा रगात अडकू नये म्हणून ठेवलेली वाट’ असं सांगतात. अशी रेघ नवाहो विणकामात खरोखर असते, मुख्यतः चौकटबंद नक्षीत, पण सगळ्याच विणकर ती ठेवत नाहीत. नक्कल करणाऱ्याला ती घालायला एक धागा पुरतो. या रगातही ती होती, अगदी ठसठशीत. टॅगवर मागाजवळ बसलेल्या वृद्धेचा फोटो होता आणि तोच फोटो शेजारच्या तीन रगांवरही.

जुन्या वस्तूंचा बाजार आणखी निसरडा. 2012 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका लिलावात पहिल्या टप्प्याचं, म्हणजे नुसत्या आडव्या पट्ट्यांच्या सर्वांत जुन्या नमुन्याचं, एक ‘चीफ ब्लँकेट’ (अंगावर घ्यायची नवाहो घोंगडी) 18 लाख डॉलरला गेलं, तेव्हापासून पट्ट्यापट्ट्यांचा कुठलाही रग ‘चीफ ब्लँकेट’ होऊ पाहतो. खरं ब्लँकेट अंगावर घ्यायचं असे, म्हणून मऊ असतं आणि खांद्यावर लगेच पडतं. 1890 नंतर त्याच नमुन्याचे जमिनीवर घालायचे रग विणले गेले, ते अस्सल नवाहो असले तरी जाड, ताठ आणि किमतीने कितीतरी खाली. विटलेल्या लालवर मार्करने रंग भरलेला असतो. भिंगातून बघितलं तर शाई धाग्याच्या वरच बसलेली दिसते, आत मुरलेली नसते. फाटलेलं टोक कापून नवा काठ घातला असेल तर नक्षीची चौकट एका बाजूला अरुंद होते. डागडुजी वाईट नाही, ती न सांगणं वाईट.

अमेरिकेत 1990 चा इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स ॲक्ट आहे. आदिवासींनी न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकली तर व्यक्तीला पहिल्या गुन्ह्याला 2,50,000 डॉलरपर्यंत दंड, 5 वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पळवाट असते ती ‘स्टाईल’ या शब्दात. तोंडी खोटं सांगणं हीसुद्धा खोटी बतावणीच, पण ती सिद्ध कशाने करणार? म्हणून कार्ड पुढे करण्याआधी पावतीवर लिहून मागा: ‘नवाहो विणकराने हाताने विणलेला’, विणकराचं नाव, ती कुठल्या वस्तीची, साधारण कधी विणला, ताणा आणि बाणा कशाचा, डागडुजी कुठे, आणि खोटा निघाल्यास पूर्ण पैसे परत. सच्चा विक्रेता हे कुरकुर न करता लिहून देतो. ‘आमची पावतीची पद्धत अशीच’ असं उत्तर आलं की रग गुंडाळून परत द्यायचा. ऑनलाइन घेताना चारही कोपरे, दोन्ही बाजूकाठ आणि फूटपट्टी ठेवून विणीचा जवळचा फोटो मागवा. समोरून काढलेला देखणा फोटो काही सांगत नाही.

घ्यायचाच तर विणकराच्या जवळ जाऊन घ्या. न्यू मेक्सिकोतल्या क्राउनपॉइंटला 1968 पासून रगांचा लिलाव भरत आला आहे, विणकर स्वतः रग घेऊन येतात; जाण्याआधी तारीख विचारून घ्या. गॅनाडोचं हबेल ट्रेडिंग पोस्ट आता राष्ट्रीय वारसास्थळ आहे आणि तिथे आजही विक्री चालते. ऑगस्टमध्ये न्यू मेक्सिकोतल्याच सांता फे शहरात इंडियन मार्केट, म्हणजे मूळ रहिवासी कलाकारांचा बाजार, भरतो.

फसलेल्या जोडप्याला दुकानाने ‘फायनल सेल’ दाखवून वाटेला लावलं. अशा वेळी फोनवर वाद घालत बसू नये. काठांचे, खुपसलेल्या दशांचे, टॅगचे आणि पावतीचे फोटो काढा, त्याच दिवशी दुकानाला ईमेल करून पैसे परत मागा, आणि कार्डाच्या बँकेकडे ‘सांगितली तशी वस्तू नाही’ या कारणाने वाद नोंदवा. मुदत बँकेगणिक वेगळी असते, भारतात परतेपर्यंत थांबू नका. इथे टॅगवर ‘नवाहो’ छापलेलं होतं आणि पावतीवर ‘साउथवेस्ट स्टाईल’. ही विसंगतीच तक्रारीचा कणा आहे, म्हणून टॅग फाडून टाकू नका. तक्रार अमेरिकेच्या इंटिरियर खात्याखालच्या इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स बोर्डाकडे आणि त्या राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या) ग्राहक विभागाकडेही करता येते. रग विकत घेऊ पाहणाऱ्याकडून त्याचं मूल्यांकन करून घेऊ नका. आणि परत पाठवायची वेळ आली तर ट्रॅकिंग व विमा घेऊनच पाठवा, नाहीतर ‘पार्सल मिळालंच नाही’ हे पुढचं उत्तर तयार असतं.