मोठ्या सर्व्हिसला इंजिनचं काय बदलायचं आणि काय राहू द्यायचं

मोठ्या सर्व्हिसची लिस्ट हातात येते तेव्हा त्यात सगळे पार्ट एकाखाली एक लिहिलेले असतात, टायमिंग बेल्ट, प्लग, कुलंट, थर्मोस्टॅट, इंजेक्टर क्लीनिंग, आणि ज्याला यातलं फार कळत नाही त्याला वाटतं सगळंच तितकंच गरजेचं आहे. तसं नसतं. मी आधी दोन गोष्टी बघतो: हा पार्ट चालू गाडीत गेला तर अजून काय काय घेऊन जाईल, आणि तिथपर्यंत पोचायला जे खोलावं लागतं ते या वेळी नाहीतरी खोलणारच आहेत का. पार्ट किती जुना झालाय हे त्यानंतर.

सगळ्यात आधी टायमिंग बेल्ट, कारण खरा निर्णय इथेच असतो. रबरी बेल्ट असेल तर बऱ्याच गाड्यांत १ लाख ते दीड लाख किमीच्या आसपासची मुदत असते आणि सोबत वर्षांचीही असते, दोन्हीपैकी जे आधी येईल ते धरायचं. गाडी कमी चाललीय म्हणून वर्षांकडे दुर्लक्ष करणारे खूप जण आहेत, पण रबर उभ्या गाडीतही जुनं होतंच. आजची बरीच इंजिनं इंटरफिअरन्स प्रकारची असतात, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात आणि त्यांची वेळ हा बेल्ट सांभाळतो. बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात, इंजिनचं हेड (व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवावं लागतं, कधी पिस्टनलाही मार बसतो. तुटायच्या आधी तो ओरडेलच असंही नाही. कव्हर काढून "अजून चांगला दिसतोय" म्हणणारा मेकॅनिक मनापासून म्हणत असेल, पण आतले धागे थकलेत की नाही, दातांच्या मुळाशी बारीक चीर आहे की नाही हे वरून दिसत नाही. त्यामुळे मुदत झाली की बदलायचा.

चेन असेल तर गोष्ट वेगळी. चेनला सहसा ठरलेली मुदत नसते, ती लक्षणांवर बदलतात: थंड इंजिन सुरू केल्यावर काही सेकंद खडखड, किंवा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) आणि क्रँक (पिस्टन फिरवतात तो शाफ्ट) यांची वेळ जुळत नाही असा स्कॅनरवरचा कोड. चेनचा टेन्शनर, म्हणजे तिला ताणून धरणारा पार्ट, बऱ्याच इंजिनांत ऑइलच्या प्रेशरवर चालतो, म्हणून चेनवाल्या गाडीत तेच पैसे वेळेवर ऑइल बदलण्यात घाला, चेन त्यानेच टिकते. आणि तिसरा प्रकार म्हणजे ऑइलमध्ये बुडून चालणारा वेट बेल्ट, उदाहरणार्थ फोर्डचं १ लिटर इकोबूस्ट किंवा प्यूजो-सिट्रोएनचं १.२ प्युअरटेक, यांच्या बऱ्याच व्हर्जनमध्ये तो आहे. इथे चुकीचं ऑइल घातलं किंवा ऑइल फार लांबवलं तर बेल्टचं रबर सुटतं, त्याचे कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात, प्रेशर पडतं आणि बेल्ट न तुटताच इंजिनला धोका होतो. यात ऑइलवर नुसतं ५डब्ल्यू-३० लिहिलेलं बघून चालत नाही, मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन जसंच्या तसं जुळलं पाहिजे. बेल्टची मुदतही कंपनीची ताजी सूचना बघून धरा, कारण काही इंजिनांत कंपन्यांनीच ती नंतर कमी केली आहे.

आता नुसता बेल्ट की पूर्ण किट? यावर सगळ्यात जास्त घासाघीस होते. टायमिंग बेल्टच वॉटर पंप (कुलंट खेळवणारा) फिरवत असेल तर पंप, टेन्शनर, आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली) सगळं एकदम बदला, इथे मला दुसरी बाजू पटत नाही. या कामात मोठा खर्च लेबरचा असतो, माउंट काढा, पुली काढा, कव्हर काढा, आणि पंप सहा महिन्यांनी गळायला लागला की तेच सगळं पुन्हा, शिवाय कुलंट लागलेला नवा बेल्टही फेकायचा. आयडलर आणि टेन्शनरच्या बेअरिंगमध्ये आतलं ग्रीस सीलबंद असतं, तेही बेल्टइतकेच फिरलेले असतात, आणि त्यातलं एक जाम झालं की नवा बेल्टही सुटतो किंवा तुटतो. पण पंप बाहेरच्या ड्राइव्ह बेल्टवर (अल्टरनेटर वगैरे फिरवणारा) असेल किंवा इलेक्ट्रिक असेल तर हा हिशोब लागू होत नाही, तो पंप गळत नाही, आवाज करत नाही, तर राहू द्या. पंपाला खाली एक छोटं भोक असतं, आतलं सील जायला लागलं की तिथून कुलंट झिरपतं, तिथे वाळलेला डाग आहे का एवढं बघायला सांगा.

क्रँक आणि कॅमच्या पुढच्या सीलबद्दल दोन मतं आहेत. एक म्हणतं उघडलंच आहे तर बदलून टाका, दुसरं म्हणतं कोरडं आहे तर हात लावू नका. मी दुसऱ्या मताचा, निदान पहिल्या बेल्टच्या वेळी तरी, कारण जुनं सील उपटताना शाफ्टला ओरखडा पडला तर चांगलं नवं सीलही गळतं. थोडंसं जरी ओलं दिसलं तर मात्र बदलायचंच, ऑइल बेल्टचं वाटोळं करतं. आणि सील गळत असेल तर पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आत साठणारा वायू बाहेर काढणारा) पण बघायला सांगा, तो तुंबला की क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या भागात, प्रेशर साठतं आणि ते सीलमधून ऑइल बाहेर ढकलतं, मग सील बदलूनही गळती परत येते. छोटा पार्ट आहे, बऱ्याच गाड्यांत सहज निघतो, पण लिस्टमध्ये क्वचित असतो.

प्लगचं त्यामानाने सोपं आहे. साधे निकेलचे ३० ते ५० हजार किमी चालतात, इरिडियमचे बऱ्याच गाड्यांत १ लाखाच्या आसपास. कंपनीने इरिडियम दिले असतील तर इरिडियमच घाला. साधे दिले असतील आणि प्लग वरूनच दिसत असतील तर साधेच वेळेवर बदला, इरिडियमने पिकअप वाढतो ही अपेक्षा ठेवू नका. जिथे मागच्या बाजूच्या प्लगसाठी इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरला हवा पोचवणारा भाग) काढावं लागतं, काही व्ही६ इंजिनांत असं असतं, तिथे जास्त टिकणारा प्लग घेण्यात अर्थ आहे, आणि त्याच वेळी मॅनिफोल्डची गॅस्केट नवी घालायची. प्लगसोबत सगळे कॉइल (प्लगला वीज देणारे) बदला असं सांगितलं तर थांबा. मिसफायर असेल, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल, तर संशय आहे तो कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर लावून बघतात, मिसफायर त्याच्याबरोबर सरकला तर तोच गेलाय, न सरकल्यास कारण दुसरं. मिसफायरच नसेल तर कॉइलला हात लावायचं कारण नाही.

कुलंट बदलायचं, कारण त्यातली गंजरोधक रसायनं संपतात आणि ते वरून कळत नाही. जुन्या प्रकाराची मुदत साधारण २ वर्षं, नव्या ऑर्गॅनिक अ‍ॅसिडवाल्याची बरेचदा ५ वर्षं किंवा जास्त. रंगावर जाऊ नका, हिरवा, गुलाबी, निळा याला सगळ्या कंपन्यांत एकच नियम नाही, आणि वेगळ्या जातीचे मिसळले तर गंजरोधक काम बिघडतं, कधी गाळही होतो. थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे कुलंटची वाट उघडणारा) वेळापत्रकावर बदलायची गरज नसते, पण बेल्टच्या कव्हरमागे लपलेला असेल आणि कुलंट काढलेलंच असेल तर घाला नवा. तो बंद अवस्थेत अडकला तर इंजिन तापतं आणि हेड गॅस्केटपर्यंत जातं.

बाहेरच्या ड्राइव्ह बेल्टला चिरा नाहीत म्हणजे चांगला, हा नियम जुन्या रबराचा. आताचे ईपीडीएम या नव्या रबराचे बेल्ट सहसा चिरत नाहीत, टायरसारखे झिजतात, म्हणून खाचांची खोली गेजने मोजायला सांगा. एअर फिल्टर धुळीप्रमाणे, ऑइल आणि ऑइल फिल्टर दर वेळी, यावर चर्चा नको. डिझेल असेल तर फ्युएल फिल्टर लांबवू नका, इंजेक्टरपर्यंत पाणी आणि कचरा जाऊ न देणं हे त्याचं काम आहे.

मी सहसा नाही म्हणतो त्या दोन गोष्टी म्हणजे इंजिन फ्लश (रसायन घालून इंजिन आतून धुणं) आणि लक्षण नसताना इंजेक्टर क्लीनिंग. डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या) इंजिनात तर पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून जातच नाही, त्यामुळे टाकीत ओतलेलं क्लीनर तिथला कार्बन काढू शकत नाही, तो जास्तच साचला तर मॅनिफोल्ड उघडूनच साफ करावा लागतो.

पार्ट कंपनीच्या डब्यातला की बाहेरचा? गेट्स, कॉन्टिनेंटल किंवा डायकोचा बेल्ट, आयसिनचा पंप, एनजीके किंवा डेन्सोचे प्लग, हीच मंडळी गाडीच्या कंपन्यांनाही माल देतात, त्यामुळे बाहेरचा चालतो, फक्त नंबर जुळला पाहिजे आणि विक्रेता खात्रीचा पाहिजे, कारण प्लगमध्ये नकली माल फार फिरतो.

बजेट एकदम सगळ्याला पुरत नसेल तर आधी ऑइल आणि टायमिंग किट, मग कुलंट, मग प्लग, मग ड्राइव्ह बेल्ट, बाकी पुढच्या सर्व्हिसला. किट अर्धं करून पैसे वाचवू नका, त्यापेक्षा प्लग दोन महिने पुढे ढकला. काम देताना सांगून ठेवा की एकदाच वापरायचे बोल्ट नवे घाला, बेल्ट चढवल्यावर इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून टायमिंगच्या खुणा पुन्हा जुळतात का बघा, मगच स्टार्टर मारा. जुने पार्ट परत मागा, आणि बेल्ट कोणत्या तारखेला, किती किमीला बदलला ते स्टिकरवर लिहून बॉनेटच्या आत लावायला सांगा.